ठावठिकाणा

युद्धाचा बारावा दिवस. पत्रकार परिषदेत सगळ्यांचा एकच घोशा होता, "आपली तुकडी नेमकी आहे कुठे?" लष्कराच्या प्रवक्त्याची कॉलर घामाने भिजली होती, पण इतक्या दिवसांत त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. "ते सांगता येणार नाही," एवढंच तो आजही म्हणाला आणि मनातल्या मनात त्याने स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या.

"कोणतं वर्तमानपत्र, मॅडम?"

"वर्तमानपत्र कसलं? माझा लेक आहे त्या तुकडीत."

प्रवक्त्याला गलबलून आलं. तो मंचावरून उतरून त्यांच्यापाशी गेला.

"काकू, तो सुखरूप आहे. पण कुठे आहे, ते मी तुम्हालाही नाही हो सांगू शकत."

काकूंनी पर्समधून एक चिठ्ठी काढली आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर उलगडून त्याच्या हातात दिली.



"रोज टीव्हीवर बघते ना, तुम्हा बिचाऱ्यांना कुणी काही सांगतच नाही. म्हणून लेकाला विचारून पत्ता लिहून आणलाय, खाणाखुणांसकट!"