उजवी बाजू

बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या केबिनमध्ये बसून भूगर्भतज्ज्ञ ताईंनी आतल्या टोकाच्या खडकाचा ताजा फोटो टॅबवर घेतला आणि भेगा रंगवायला सुरुवात केली. डावीकडची एक भेग चांगलीच रुंदावलेली दिसली. त्यांनी घाईघाईने आत मुकादमाला फोन लावला.

“दादा, डावीकडचा दगड सुटलाय! सगळ्यांना आधी उजवीकडे घ्या!”

“ती टॅबची पाटी बोलली वाटतं तुमची! घेतो, ताई.”

फोन ठेवला आणि त्यांचं लक्ष खडकावर रंगाने लिहिलेल्या आकड्यांकडे गेलं. फोटोत ते आरशात दिसावेत तसे उलटे होते. टॅबने डाव्याचं उजवं केलं होतं. म्हणजे सहा माणसं त्यांनी स्वतःच त्या दगडाखाली पाठवली होती! पुन्हा फोन लावेपर्यंत आतून धडाडधूम आवाज आला. घंटी नुसती वाजत राहिली.

अखेर मुकादमाने फोन उचलला.

“घाबरू नका ताई, सगळे धडधाकट आहोत. दगड पडला तो आमच्या डाव्या हाताला. त्याच खडकाला पाठ टेकून जेवत होतो ना, मग सरकलो आपले आमच्या उजव्या हाताला!”