वास किती अंशांवर?

बाबा कॉफीच्या बिया भाजतात, प्रत्येक घाण्याची नोंद हाताने लिहितात आणि मला पानाचा फोटो पाठवतात. मी दुसऱ्या शहरात बसून ती सॉफ्टवेअरमध्ये भरते. सॉफ्टवेअरला तापमानाचा आकडा हवा असतो आणि बाबा लिहितात, ‘बेकरीसमोरून गेल्यासारखा वास आला.’ त्यामुळे रोज संध्याकाळी फोन.

“बाबा, आज बेकरी किती अंशांवर आली?”

“सांगतो. आधी सांग, जेवलीस का? खोकला थांबला? आणि त्या घरमालकिणीने नळ दुरुस्त केला की नुसतीच गोड बोलतेय?”

आकडा येतो तो अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता.

काल फोन आईने उचलला. “अगं, तू यंत्रावर मीटर बसवून दिलंयस ना, एवढाले आकडे दाखवतं ते! बघून लिहायला काय जातं? पण मुद्दाम वास लिहितात, म्हणजे तुझा फोन येतो. सांगितलेलं ऐकतील तर शपथ!”

“असू दे गं,” मी म्हटलं. “फक्त त्या मीटरचे आकडे आपोआप माझ्या कॉम्प्युटरवर येतात, हे त्यांना कळू देऊ नकोस.”