टोळांची पिशवी

"घे सुनबाई, तुझ्या नवऱ्याच्या लाडक्यांना मेजवानी!" म्हणत सासऱ्यानं पिठाची पिशवी टेबलावर ठेवली. आत टोळ. अर्धे मेलेले, अर्धे नुसते पाय झाडतायत.

झानिलनं पिशवीचं तोंड पटकन मुठीत आवळलं. म्हातारा पहाटेच गावाहून निघून, चार तास बसचे धक्के खात अक्तोबे शहरात त्यांच्याकडे आला होता. नवरा एर्केबुलान महिनाभर तेलाच्या विहिरीवर. काचेच्या पेटीत त्यानं चार वर्षं जपलेल्या मुंग्या, सगळ्या एका राणीच्या. राणी मेली की खेळ खलास. फोन आला की तो आधी राणीची खुशाली विचारायचा, मग बायकोची.

जाताना बजावून गेलेला: दुकानातले पाळीव रातकिडेच आण. दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेव, उकळत्या पाण्यात बुचकळ, मगच तुकडे करून घाल. रानातलं काही नको.

"बाबा, एवढे कसे धरलेत?"

"धरतोय कशाला? झाडूनं गोळा केले! यंदाचा टोळ एवढा आळशी, की उडायचं नाव नाही."

"विमान येऊन गेलं का तिकडं?"

"परवा आलं होतं की. टोळांवर औषध फवारून गेलं. का गं?"

झानिल पातेलं काढायला वळली. सासऱ्याचं नावसुद्धा सुनेनं तोंडात घ्यायचं नाही, तिथं त्यानं मांडीवर वाहून आणलेलं नको कसं म्हणायचं? तिनं गुपचूप पाणी उकळलं, दोनचार टोळ त्यात सोडले. तेवढा वेळ मिळाला.

"झालं का? आण इकडं, मीच घालतो," म्हणत म्हाताऱ्यानं चिमट्यात टोळ धरला आणि पेटीचं झाकण उचललं.

"थांबा!"

लग्नाच्या सहा वर्षांत तिनं पहिल्यांदा आवाज चढवला होता. म्हाताऱ्याचा हात हवेतच राहिला. भुवया वर गेल्या.

"आधी पाचजणींना चाखवते, बाबा," ती हळूच म्हणाली. "मग सगळ्यांना."

"चाखवते? अगं, खानाच्या पंगतीत चाखत नव्हते एवढं!" म्हातारा हसला, पण नीट हसला नाही. झाकण मात्र त्यानं परत लावलं.

तिनं पाच मुंग्या काचेच्या नळीत काढल्या, टोळाची एक तंगडी आत टाकली. पाचीजणी तुटून पडल्या. दोघं चहा घेत बघत बसले. तिनं त्याच्या आवडीची जाड साय चहात घातली.

चहाच्या तिसऱ्या वाटीला एक मुंगी गोल गोल फिरायला लागली. मग उताणी पडली. पाय थरथर, थरथर. मग दुसरी.

"उकळलंस तरी?"

"उकळल्यानं कीड मरते, बाबा. फवारा जात नाही."

आता बोलणी बसणार, म्हणून तिनं मान खाली घातली. पण म्हातारा उठला तो मोरीत गेला. साबण घेऊन कोपरापर्यंत हात घासले, घासतच राहिला. परत आला तो बसला नाही. खिशातून फोन काढून गावाकडं लावला.

"ऐकतेस का? मी टोळ गोळा केले त्या कुरणात घोड्या नाहीत ना?"

पलीकडून सासूचा आवाज आला, मोठा, खुशीतला. "मग कुठं असणार? तुम्हीच तिथं सोडल्यात ना परवा! आत्ताच घोडीचं दूध काढलंय. शेजारची पोरंपण आलीत, वाट्या घेऊन बसलीत सगळी."