सतरा नंबर

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. निरोगी माणसांच्या नमुन्यांत असं त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. सतरा नंबरच्या नमुन्यातल्या पेशींनी विषारी प्रथिनांचा कचरा साफ करणंच सोडलं होतं. जिकडेतिकडे गुठळ्या साचल्या होत्या.

"ताई, कोण हो हा बिचारा?" त्यांनी प्रयोगशाळेतल्या सहायिकेला विचारलं. "त्याला आजच सांगायला हवं. आमच्या आईचा स्मृतिभ्रंश उशिरा कळला. शेवटी शेवटी ती मलाच 'तुम्ही कोण?' म्हणायची."

ताईंनी दार लोटून घेतलं आणि मॅडमचा हात घट्ट धरला.

 

"मॅडम, तो नमुना तुमचाच आहे... आणि हे मी तुम्हाला कालही सांगितलं होतं."