विद्येचं पान

"पुन्हा पान तोडलंत तर तुमच्या बाईंना सांगेन!" निळकंठरावांनी दम भरताच फाटकाजवळची पोरं पळाली. मोरपंखीचं पान पुस्तकात ठेवलं की विद्या येते म्हणे! परीक्षा जवळ आली की पोरांचा हात पोचेल तिथवर झाड उघडं पडायचं. अकरा वर्षं जपून वाढवलेल्या त्या झाडाचा शेंडा यंदा कुठे निळकंठरावांच्या डोक्यापर्यंत पोचला होता.

आज मात्र खांद्याच्या उंचीवरची पानं नाहीशी झाली होती.

"हे पोरांचं काम नव्हे," ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले.

"वाऱ्यानं गेली असतील," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली.

दुपारी ती बाजारात गेल्यावर चहापूड शोधताना पिठाच्या डब्यामागे दहावीचं भूमितीचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. आत बायकोच्या फोटोचं हॉलतिकीट होतं. तिची शाळा सातवीतच सुटली होती. परीक्षेबद्दल घरात ती चकार शब्द बोलली नव्हती. धड्याधड्यात मोरपंखीचं एकेक पान होतं; त्रिकोणमितीत तर तीन.

निळकंठराव कात्री घेऊन अंगणात गेले. शेंडा छाटला की मोरपंखीची उंची खुंटते, हे त्यांनीच साऱ्या गल्लीला बजावलं होतं. त्यांनी शेंडा छाटला, त्रिकोणमितीत ठेवला आणि पुस्तक होतं तिथे सरकवून दिलं.

संध्याकाळी झाडाला पाणी घालताना बायको थबकली. "अहो, शेंडा कुठे गेला?"

निळकंठरावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "वाऱ्यानं गेला असेल."