गुहागरचे ओक

"सुट्टीला मालवणच!" दिगंबररावांनी टेबलावर मूठ आपटली. "बाजार, होड्या, माणसांची जाग! गुहागरात आहे काय? नुसती शांतता!"

वासंतीबाईंना तीच शांतता हवी होती. पण तिथली राहायची जागा ओकांची, आणि याच ओकाने चौतीस वर्षांपूर्वी त्यांना बघायला येऊन कांदेपोहे खाल्ले होते. त्या नावासरशी दिगंबररावांचा असा जळफळाट व्हायचा, की हातातला गार चहा पुन्हा उकळायचा.

"अहो, त्यानेच मला नकार दिला होता," त्या म्हणाल्या. "मुलगी सामान्य आहे म्हणे."

"सामान्य? तू?" दिगंबरराव ताडकन उठले. "बॅग भर! गुहागरलाच जाऊ. पैठणी नेसून बस त्याच्या अंगणात. बघू दे शहाण्याला!"

वासंतीबाई निमूट बॅग भरू लागल्या. नकार खरं तर त्यांनीच दिला होता. पण समुद्राकडची खोली कालच ठरवून झाली होती.