दीडशे हात दोरा

तिसऱ्यांदाही दगड नदीतच पडला. रहेमान लाइनमन ओली सुतळी परत ओढू लागला.

बेंबळेचं पात्र तिथं दीडशे हात रुंद. दोन्ही काठ उंच, आणि मधून तांबडं पाणी उन्मळलेली झाडं घेऊन चाललेलं. परवाच्या पुरानं काठावरचे विजेचे खांब नेले, तारा तुटल्या, आणि पलीकडच्या गावाच्या नळांना पाणी देणारा बोअरचा पंप बंद पडला. विहिरींत पुराची घाण शिरली होती. तेच पाणी पिऊन गावात हगवण लागली. काल दोन माणसं गेली.

नवे खांब दोन्हीकडे मागं सरकवून उभे केले होते. आता फक्त तार पलीकडे जायची होती. सकाळी एक पोहणारा दोर घेऊन उतरला, तो कसाबसा जिवानिशी परत आला. बाभुळगावहून गाडीवर घालून डोंगा यायचा होता, तर रस्ताच पाण्याखाली. पलीकडच्या काठावर रहेमानचा जोडीदार, त्याच गावात राहणारा देवीलाल उभा होता. हात हलवून काहीतरी ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात एक अक्षर पोचत नव्हतं.

"हातानं कायले फेकून राह्यला भाऊ? खांदा उखडून जाईन."

रहेमाननं वळून पाहिलं. मागच्या ज्वारीत मचाण होतं. त्यावर तांड्यातली धुरपताबाई पाखरं राखत बसली होती. साठी उलटलेली, मांडीवर भरतकाम, शेजारी गोफण.

"तुमच्या गोफणीनं जाईन का, माय?"

"दगड जाईन. दोरी बांधून कधी मारला नाही."

ती खाली उतरली. सुतळी चिमटीत धरून तिनं वजन पाहिलं आणि बाजूला टाकली. "हे दगडाले मागं ओढते." मग भरतकामाच्या पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. मेण लावलेला, पिळाचा दोरा. "नातीच्या लग्नाच्या ओढणीचा हाय. वापस पाह्यजे मले."

"देतो, माय."

मधे खाच असलेला एक लांबट दगड तिनं हुडकला, खाचेत दोरा बांधला. गोफण फिरली, सुटली. दोरा सरसर निघाला, गवतात अडकला आणि तुटला. दगड मोकळाच उडाला आणि देवीलालच्याही मागं जाऊन पडला.

रहेमाननं तुटलेलं टोक हातात घेतलं. पण दगड पलीकडे जातो, एवढं दोघांनीही पाहिलं होतं.

धुरपताबाईनं गवतात अडकलेला दोरा सोडवून घेतला. मग तिनं रहेमानकडे आणि तार ओढायला आलेल्या बाकी पुरुषांकडे पाठ केली, डोक्यावरची ओढणी उतरवली आणि जमिनीवर अंथरली. रहेमाननं मान फिरवली. बाकीच्यांनाही त्यानं हातानंच खुणावलं. उघड्या डोक्यानं, गुडघ्यांवर बसून ती ओढणीवर दोरा मांडू लागली. वेढ्याशेजारी वेढा, एकात एक न गुंतवता. दीडशे हात मांडून झाले तरी ती मांडतच राहिली. कोणी घाई केली नाही.

मग ती उठली. गोफण डोक्याभोवती एकदा फिरली, दोनदा फिरली, आणि सुटल्याचा फटकारा झाला.

ओढणीवरचे वेढे एकामागून एक उठू लागले. पुराच्या तांबड्या पाण्यावर एक लाल रेघ चढत गेली, वाकली आणि पलीकडे उतरली. देवीलाल झेपावला. रहेमाननं अलीकडचं टोक दोन बोटांत धरलं होतं. क्षणभर काहीच नाही. मग बोटांना हलकासा हिसका बसला.

सतरा वर्षं तो तारा ओढत आला होता. तरी त्यानं दोऱ्याला उलट हिसका अगदी जपून दिला.

"धरलं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

दोऱ्याला बारीक सुतळी बांधली. पाण्याला टेकू न देता, खांबावरून, हळूहळू सोडली. सुतळीमागून दोर गेला, दोरामागून तार. पहिली तार गेल्यावर दुसऱ्या दोन सोप्या होत्या; त्यांच्यासाठी दोर परत ओढला तेव्हा त्याच्या टोकाला बांधून देवीलालनं लाल दोराही परत धाडला. दुपार कलताना तिन्ही तारा ताणून बांधल्या. देवीलाल सायकल घेऊन गावाकडे निघाला. त्याला पोचायला पुरेसा वेळ देऊन रहेमान खांबावर चढला आणि त्यानं वीज सोडायचा खटका दाबला.

धुरपताबाई ओढणी पुन्हा डोक्यावर घेऊन वर बघत होती. "झालं? काही त दिसत नाही."

"दिसत नसते, माय."

"मंग कसं समजते?"

रहेमाननं पलीकडच्या गावाच्या वाटेकडे बोट दाखवलं. दोघं काठावर बसून राहिले. ती लाल दोरा सुकवत बोटांवर गुंडाळत होती.

उन्हं तिरपी झाली तेव्हा पलीकडे देवीलालची सायकल आली. मागं कळशी बांधलेली. त्यानं ती सोडली, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली आणि तिथूनच अंगावर ओतली. एवढ्या लांबूनही ते पाणी स्वच्छ दिसलं, काचेसारखं. भिजलेला देवीलाल हसत होता.

धुरपताबाईच्या हातातलं गुंडाळणं थांबलं.

"नळाचं हाय?"

"हो. टाकी भरली असंन आता. अख्ख्या गावाची."

तिनं बोटांवरच्या दोऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पलीकडे.

"एवढं पाणी याच्यानं उचललं?"

पंप, मोटर, तारेतली वीज, सगळं रहेमानच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"हो, माय. याच्यानंच."